सात इंच मातीखालचा परवाना

नियम पाळावेत तर मी. शहराच्या कचराभूमीवर बावीस वर्षं देखरेख केली. संध्याकाळी पाचनंतर तिथे केळीचं एक साल उघडं दाखवा आणि माझी मिशी उतरवून न्या. सरकारी नियमच होता: दिवसाचा कचरा त्याच दिवशी सहा इंच मातीखाली गेला पाहिजे. आमचा बुलडोझरवाला मामा माती इतकी सपाट ओढायचा, की विमानं तिथे उतरू बघायची. दोन तर मीच हात हलवून परत पाठवली.

त्या साली परवान्याचं नूतनीकरण आलं. उद्या सकाळी तपासनीस बाई येणार आणि मूळ परवाना जागेवर नसला, तर कचराभूमीला टाळं लागून मी घरी बसणार. त्याला नवी चौकट करावी म्हणून मी तो आदल्या संध्याकाळी घरी नेला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला.

चार वाजता बायकोचा फोन.

"अहो, ओट्यावरचा पेपर महत्त्वाचा होता का?"

"होता? आता कुठाय?"

"त्यात बटाट्याची सालं बांधून सकाळी गाडीत दिली."

मी धावत कचऱ्याच्या उताराशी गेलो. मामा हात झटकत होता.

"आज तासभर आधीच झाकलं. उद्या बाई यायच्यात ना."

"मामा, उकर."

"लेखी परवानगीशिवाय? तुम्हीच पाठ करून घेतलंय, झाकलेलं उकरायचं नाही म्हणून."

परवानगीचा अर्ज काढला. पहिलीच ओळ: सोबत मूळ परवाना जोडावा.

सकाळी बाई आल्या.

"परवाना जागेवर आहे?"

"जागेवरच आहे, मॅडम." मी बुटाच्या टोकाने दाखवलं. "इथे कुठेतरी, आमच्या घरच्या बटाट्याच्या सालांबरोबर. सहा इंच खाली."

मामाने सळई खुपसून मापली. "सात," तो ऐटीत म्हणाला.

बाईंनी नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं. "परवाना कायम जागेवर असावा, एवढंच आहे. वर की खाली, ते लिहिलेलं नाही." त्यांनी सही ठोकली. मी श्वास सोडतोय तोच त्या म्हणाल्या, "पण सालांबरोबर कागद? ओला-सुका एकत्र देणाऱ्या घराला नोटीस जाते. ती कोण बजावतं?"

"मीच, मॅडम."

संध्याकाळी माझ्याच दाराची बेल वाजवून मी बायकोच्या हातात नोटीस दिली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली, नीट घडी केली आणि शांतपणे विचारलं,

"ही ओल्यात टाकू की सुक्यात?"