कचरूभाऊंची घटपर्णी

बजाजनगरात टँकर आला की लोक हंडे घेऊन धावायचे आणि आमचे कचरूभाऊ कॅमेरा घेऊन. टँकर जिथं गळायचा तिथं दोन दिवसांत काहीतरी हिरवं उगवायचं. भर रस्त्यात पोटावर पालथं पडून ते त्याचा फोटो काढायचे. मागून हॉर्न वाजायचे, शिव्या यायच्या. हे पडल्या पडल्या हात वर करायचे. "दम धरा! आज गवत हाय, उद्या इथं बिल्डिंग व्हणार."

ते आमच्याच कंपनीत फिटर होते. मूळचे फुलंब्रीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. "बा मेंढरं चारायचा, मी डोळे चारतो," म्हणायचे.

त्या दुष्काळात नळाला आठवड्यानं पाणी यायचं. अशात त्यांनी कुठंतरी घटपर्णीचं चित्र पाहिलं. पानाच्या टोकाला सुरई, वर झाकण, आत पाणी. किडा आत पडला की झाड त्याला पचवतं. कँटीनमध्ये त्यांना घास गिळेना.

"हितं माणूस टँकरची वाट बघतंय, अन् हे झाड पानातच रांजण भरून बसलंय! रानात जाऊनच बघायचं. येता का?"

मी गमतीनं हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटं आणली.

रेल्वे, मग जीप, मग पायपीट. मेघालयातल्या गारो टेकड्यांत पोहोचलो तेव्हा हाताशी एकच सकाळ होती. पावसानं माती भिजलेली, त्यात धुकं. वाटाड्यानं कड्याच्या टोकावरून खाली बोट दाखवलं. झुडपात सुरया लटकत होत्या. "यहीं से देखो. नीचे मत जाना, मिट्टी कच्ची है."

"भाई, मेरेकू फकत एक फोटू होना," म्हणत कचरूभाऊ पालथे पडलेसुद्धा. "भाऊ, पाय धरा."

मी घोटे धरले. ते सरकत सरकत कमरेपर्यंत कड्याबाहेर गेले.

"बस झालं, कचरूभाऊ."

"अजून वीतभर."

त्यांच्या छातीखालची माती सुटली. एक हिसका बसला आणि माझ्या हातात नुसता बूट राहिला.

मी हाका मारल्या. खालून आवाज नाही. वाटाड्या झाडाला दोर बांधू लागला.

मग धुक्यातून आवाज आला, "भाऊ…"

"लागलं का?"

"नाय. सुरईत मुंगी हाय. अजून जिती हाय."

मी वाकून पाहिलं. पाऊलभर कपारीवर ते उभे होते. एका हातात मूळ, दुसऱ्या हातात कॅमेरा. मूळ मातीतून हळूहळू निघत होतं. वाटाड्यानं दोर खाली सोडला.

"दोर धरा!"

"एकच फोटू."

"कचरूभाऊ, दोर धरा म्हणतो ना!"

क्लिक झालं. मूळ उपटून आलं आणि त्याच क्षणी दोराला ओझं लागलं. आम्ही दोघांनी ओढून त्यांना वर घेतलं. कोपरं सोललेली, ओठ पांढरे. आधी त्यांनी कॅमेरा पुसला. मग म्हणाले, "घरी सांगू नका."

सहा वर्षांत घराचा विषय त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मला नेहमी ते चहाच्या टपरीवर भेटायचे.

परत आल्यावर पुढच्या रविवारी फोटो बघायला मी थेट त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. बाजेवर त्यांच्या पत्नी, गयावहिनी, बसलेल्या. मी नमस्कार केला, तर त्यांनी माझ्या डावीकडच्या भिंतीकडं बघून हात जोडले. तेव्हा मला कळलं.

कचरूभाऊंच्या मांडीवर फोटो होते. एकेका फोटोत डोळे घालून ते सांगत होते. वहिनींच्या हातात स्टीलचा उभा पेला होता.

"आता वरची कड. घागरीच्या काठावानी भाईर वळलेली."

वहिनींचं बोट काठावरून फिरलं. "अन् झाकण?"

कचरूभाऊंनी पेल्यावर आपला तळहात तिरका धरला. वहिनींनी तो चाचपला.

"रंग?"

"पाडाला लागलेल्या कैरीवानी. एका अंगानं लाल."

चाचपता चाचपता वहिनींचा हात त्यांच्या कोपरावर आला आणि खपलीवर थांबला.

"अन् हे?"

कचरूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "घसरलो जरासा. पर या भाऊंनी पाय धरले व्हते."

मी मान खाली घातली. वहिनींनी कोपर सोडलं नाही.

"पुढच्या टायमाला मला बी घेऊन चला," त्या म्हणाल्या. "पाय मी धरते."