गटातली पेशंट

नर्सिंग कॉलेजच्या मॅडम कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आल्या आणि मुलींच्या मागे सहकारी अध्ययन लागलं. पाच-पाच जणींचे गट करा, कामं वाटून घ्या, दर आठवड्याला बदला, एकमेकींना शिकवा! एका गटात मात्र बदलायचं राहूनच गेलं. चौघी नर्स व्हायच्या आणि पाचवी पेशंट. ती पडायचीच इतकी झकास, की तिला उठवायला कुणाचा जीव होईना. वर्षभरात तिचं खरं नाव सगळ्या विसरल्या. पेशंटच म्हणायच्या.

मग प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. पेशंट नापास झाली तर मामाच्या चपलांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं. त्यात बाहेरून आलेल्या परीक्षक बाई सकाळपासून उभ्या, पारा चढलेला.

"पेशंट पलंगावर असताना चादर बदलून दाखव."

"हो मॅडम," म्हणत ती सवयीनं आडवी झाली. दाराबाहेरच्या रांगेतून चौघी चादर घेऊन धावल्या.

"हा काय तमाशा?" परीक्षक बाई कडाडल्या.

"आमचा गट आहे, मॅडम."

"निघा चौघी! आणि तू ऊठ. एकटीनं कर."

"पण मग पेशंट कोण होणार?"

"सरावाचा पुतळा आणा."

"त्याचा पाय निखळलाय, मॅडम."

"शाब्बास! घे, मीच होते पेशंट," म्हणून बाई तणतणत पलंगावर पडल्या.

चादर कुठून धरायची, याचा हिला पत्ता नव्हता. पण इतका वाईट पेशंट तिला बघवेना.

"असं ताठ नाही पडायचं, मॅडम. खांदे सोडा. आता आपलं काही काम नाही, जे काय करायचं ते नर्स करतील, असं समजा."

"असं?"

"अजून सैल. कपाळावरची आठी काढा बघू."

आठी गेली. पाठोपाठ घोरणं सुरू झालं.

दारातून डोकावलेल्या कॉलेजच्या मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "अगं, उठव त्यांना! बाहेर अख्खा वर्ग ताटकळलाय!"

"झोपलेल्या पेशंटला उगाच उठवायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

शेवटी मॅडमच जोरात खाकरल्या. परीक्षक बाईंनी एकच डोळा उघडला. हिच्या डोळ्यांसमोर चपलांचे खोके दिसायला लागले.

"मॅडम, चादर राहिलीच..." ती रडवेली होऊन म्हणाली.

"पास आहेस," बाई कुशीवर वळत पुटपुटल्या. "आता तेवढा पडदा ओढ आणि नीघ."