यादींत मयत जाहल्या सगुणाबाईंची हकीकत

श्रीशारदा, जी लिहिलेलें राखते, आणि श्रीगजानन, जो पुसलेलें परत आणील तर आणील, उभयतांस दंडवत घालोन लिहिलें ऐसें जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं, एका राज्यांत नेत्रखात्याची कचेरी नांदत होती. संवत्सराचेंच नांव क्रोधी, तेथें लिहिणारानें शांत राहावें तरी कसें? कचेरींत मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी संगणकांत ठेविली होती. मेजें चौदा, यादी एक, आणि सर्वांस मिळोन परवलीचा शब्दही एकच, तोही भिंतीवरील कालनिर्णयाच्या कडेस ठळक लिहिलेला. मग काय, आव जाव घर तुम्हारा. जो येई तो यादींत हात घाली, आणि कोणी खाना पुसे, कोणी पिवळा रंग भरी, आणि एका महाभागानें तर जेवणाचा डबा उघडतां उघडतां कळफलकावर कोपर टेकोन तीन गांवें नाहींशीं केलीं, आणि मग भाजी चाखावयास सर्वांस बोलाविलें.

यादीच्या रक्षणास दफ्तरदार मृणालिनीबाई हळबे नेमिल्या होत्या. बाईंनीं साहेबांस तीन वेळां अर्ज केला कीं, ज्याचें जें काम त्यास तेवढाच खाना उघडा ठेवावा, बाकीच्यांस कुलूप घालावें, आणि कोणीं काय बदलिलें तें नांवानिशीं उमटावें. साहेब सुपारी कातरीत बोलते जाहले, "बाई, सगळीं आपलींच माणसें. घरच्यांस कसलें कुलूप?" आणि वर हुकूम दिधला कीं यादीच्या नकला करूं नयेत, नकलांनीं घोळ होतो. घोळ म्हणे नकलांनीं होतो! बाई निमूट परतल्या, आणि मग रोज सायंकाळीं नकल पेनड्राइव्हांत घालोन चोरून घरीं नेऊं लागल्या.

आतां जनार्दनपंत टेंगशे यांचें ऐका. पंतांनीं तीस वर्षें कागदी रजिस्टरें लिहिलीं. रुग्ण हयात कीं मयत, ऐसा यादींत एक खाना होता. पंत वरच्या ओळींत "हयात" लिहीत आणि खालीं चाळीस ओळी "ऐजन, ऐजन" टंकीत जात, म्हणजे वरच्याप्रमाणेंच. कागदावर हें चालतें, कारण कागदावरची ओळ जागची उठत नाहीं. बाई कळवळोन म्हणाल्या, "पंत, पूर्ण शब्द लिहा हो." पंत म्हणाले, "तीस वर्षें ऐजन लिहितोंय, त्यानें कोणी मेलें नाहीं."

आणि मग कोणा एकानें, साहेबांस यादी नीटनेटकी दिसावी म्हणोन, वर्णानुक्रमाचें बटन दाबिलें. जाहलें! ओळी उठल्या आणि अआइईप्रमाणें बसल्या, आणि सगुणाबाई चौगुले ह्या सखाराम कोष्टी यांचे खालीं आल्या. सखाराम गेल्या पौषांतच वारला होता. त्याचे पुढें "मयत", आणि बाईंचे पुढें "ऐजन". कारकुनानें वाचोन बाईंची शस्त्रक्रियेची पाळी कापिली.

सगुणाबाईंचा एक डोळा पुरता गेलेला, दुसऱ्यानें सुई ओवणें सुटलेलें, आणि पोट तर गोधड्या शिवण्यावर. शस्त्रक्रियेचे वैद्य पाळीच्या त्या एकाच दिवशीं येणार, मग थेट सहा महिन्यांनीं, आणि तोंवर उरला डोळाही राहील कीं नाहीं याची हमी कोणी देईना. त्याच दिवशीं सकाळीं बाई लेकीचा हात धरोन कचेरीच्या खिडकीशीं पातल्या. कारकून म्हणाला, "मावशी, आमच्याकडे तुम्ही मयत आहांत."

"आन् मग हितं उभी हाय ती कोण?"

"तें यादींत नाहीं."

हें ऐकोन मृणालिनीबाई उठल्या, यादी जुन्या नकलेशीं ताडून पाहिली, आणि नोकरी जाईल तर जाईल ऐसें म्हणोन साहेबांपुढें पेनड्राइव्ह ठेविला. साहेब लाल जाहले. "मनाई असतां नकल?" बाई म्हणाल्या, "होय, केली. यादींत सत्तावीस जिवंत माणसें आपण मारिलीं आहेत. आधीं त्यांस उठवूं, मग मला मेमो द्या." मग बटन दाबण्याआधींची नकल उघडिली, तींत ओळी जागच्या जागीं होत्या आणि सगुणाबाई हयात निघाल्या, वैद्यांनीं त्यांस दुपारीं आंत घेतलें, आणि साहेबांनीं घाईघाईनें कुलुपांचा हुकूम काढिला.

आठवे दिवशीं सगुणाबाई पट्टी सोडोन कचेरींत आल्या आणि एकेकाचें तोंड पाहूं लागल्या. म्हणाल्या, "मला मारलं कुनी, तेवढं सांगा. राग न्हाई. तोंड बगून जाते." यादीस विचारिलें, तर परवलीचा शब्द सर्वांचा एकच असल्यानें नांव एकाचेंही उमटलें नव्हतें. मग जनार्दनपंत उभे राहिले, आणि हात जोडोन म्हणाले, "अर्धें मीं. ऐजन माझें होतें."

"आन् बाकीचं अर्धं?"

जो तो आपल्या संगणकांत डोकें घालोन बसला. बाई पंतांस म्हणाल्या, "चला, अर्धं तर फिटलं," आणि निघोन गेल्या.

सारांश, कुलपें लागलीं, पंत पूर्ण शब्द लिहूं लागले, मृणालिनीबाईंस मेमो मिळाला तो मिळालाच. वर्णानुक्रमाचें बटन कोणीं दाबिलें हें कचेरींत एकासच ठाऊक आहे. त्यानेंच ही हकीकत लिहिली, आणि खालीं नांव घालण्याची छाती त्यास अद्यापि जाहली नाहीं.