एकतर्फी आपुलकी

बारा डिसेंबर. दुकानाचं कपाट आवरायला काढलं होतं. जामखेडात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक कागद करून घेतात, जादा प्रती इथंच विसरतात आणि डिसेंबरात मी त्या रद्दीत घालते. खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा निघाला. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : ‘साळवे, अपील, मसुदा सातवा.’

गठ्ठा रद्दीत घालायचा की नाही हे ठरवण्याआधी साळव्यांबद्दल सांगायला हवं.

सुदाम साळवे कुत्र्याला अहो म्हणतात.

गंमत म्हणून नाही. आमच्या गल्लीत एक काळं कुत्रं आहे, ते रोज साळव्यांच्या स्कूटरखाली झोपतं. ऑफिसला निघताना साळवे वाकून म्हणतात, “काळूराव, जरा सरकता का? उशीर व्हायलाय.” काळूराव सरकतात. समोरचं दीड वर्षाचं पोर चड्डीशिवाय रस्त्यावर आलं की, “अहो, थंडी हाय, आत चला.” गॅस बुकिंगच्या फोनवरची रेकॉर्ड केलेली बाई ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणते, तिला हे, “दाबतो, थांबा हां,” असं उत्तर देतात. बायकोला अहो, मुलीला अहो. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “भांडताना सुदिक अहो म्हनत्यात वो. भांडन रंगतच न्हाई.”

“कुनाला कमी लेखायचं न्हाई,” हे त्यांचं पालुपद.

या नियमातून सूट एकीलाच होती, त्यांच्या आईला. पारूबाई कुणालाच अहो म्हणत नसत, तलाठ्यालासुद्धा नाही. साळवे स्कूटरवर कोपऱ्यापर्यंत पोचले की दारातून हाक यायची, “आरं ए सुदाम, डबा इसरलास बघ!” आणि पन्नाशीला टेकलेले साळवे, “आलो, आलो,” करत माघारी यायचे. पारूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या.

साळव्यांचं ऐकून मीही एकदा प्रयोग करून पाहिला. आमच्याकडे भांडी घासायला मंगल येते. तिला म्हटलं, “अहो मंगलताई, तेवढी कढई घ्या.” ती हातातली राख टाकून उठलीच. “काय चुकलं का बाई माझं? कामावरनं काढता व्हय?” तिला समजावण्यात अर्धा तास गेला आणि कढई तशीच राहिली.

साळवे एका सरकारी कचेरीत कारकून आहेत. कचेरीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तेच येऊन म्हणतील, ताई, कुनाला कमी लेखायचं न्हाई.

त्या कचेरीत कुणी अण्णा, कुणी भाऊसाहेब, कुणी मॅडम. साळवे मात्र ‘ए सुदाम’. साहेब म्हणायचे म्हणून बाकीचे म्हणायचे, आणि बाकीचे म्हणायचे म्हणून कालपरवा लागलेला चोवीस वर्षांचा मुलगाही म्हणायचा, “ए सुदाम, फाईल दे.” भिंतीवर कर्मचाऱ्यांच्या नावांचा फलक आहे. त्यावर सगळ्यांच्या नावाआधी ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’. साळव्यांच्या नावाआधी काही नाही. साळवे बौद्ध. कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं, कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

नुसतं हाकेवर थांबलं असतं तर साळव्यांनी तेही गिळलं असतं. पण हेडक्लार्कची जागा मोकळी झाली आणि सेवाज्येष्ठतेनं त्यांचा नंबर असताना तिचा कार्यभार त्यांच्या मागून लागलेल्या माणसाकडे गेला. ज्याला अरे म्हणायचं, त्याच्या टेबलावर फाईल सहीला कशी न्यायची? साळव्यांना रेकॉर्ड रूम मिळाली.

त्यांनी जातीवरून भेदभाव होतो अशी तक्रार केली. कचेरीतल्याच तिघांची समिती बसली, तिघांनी चहा घेतला आणि निकाल दिला. तो मीच झेरॉक्स केला, म्हणून पाठ आहे : ‘अरे-तुरे हे संबोधन आपुलकीपोटी वापरण्यात येते. फलकावर “श्री.” हे अक्षर जागेअभावी राहून गेले. कार्यभार प्रशासकीय सोयीनुसार देण्यात आला. सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.’

साळव्यांनी तो माझ्या दुकानात उभ्यानं तीनदा वाचला. मग म्हणाले, “ताई, अपील टाईप करा.”

मी स्पष्ट सांगितलं, “साळवे, सोडा. थोडी वर्षं राहिलीत. अपिलात गेलात की बदली करतील कुठंतरी पुणतांब्याला.”

“करू द्या. तिथं गोदावरी हाय, पान्याची तरी सोय हुईल,” ते म्हणाले. “पन माझ्या जागी उद्या आमच्यातलाच दुसरा कोन आला, तर तो बी अरेच हुईल. मी गप बसलो तर ती पद्धतच पडंल, ताई.”

टायपिंगला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘माननीय’ इतक्यांदा होतं की अपील आहे की आरती कळेना. मी खोडत गेले, ते घालत गेले. सहा मसुदे असे गेले. सातव्यात त्यांनी मुद्दा क्रमांक चार सांगितला, तो असा : ‘सदर संबोधन आपुलकीचे असल्यास ती आपुलकी एकतर्फी असू नये. अर्जदारासही मा. साहेबांना “अरे दिलीप” असे आपुलकीने म्हणण्याची लेखी परवानगी मिळावी.’

मी की-बोर्डवर डोकं ठेवून हसले. साळवे हसले नाहीत. “‘अरे’च्या आधी ‘मा.’ बसंल का?” एवढंच त्यांनी विचारलं.

सुनावणी नगरला होती. मला टोनर आणायचाच होता, म्हणून त्यांच्याबरोबर गेले आणि कागद धरायला आत बसले. समोर अपील ऐकणाऱ्या बाई, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला साळवे. साळव्यांच्या खिशात फूटपट्टी. बाईंनी जागेअभावी हा शब्द वाचताच त्यांनी फलकाचा फोटो पुढे ठेवला. “मी मोजलंय मॅडम. माझ्या नावाआधी सव्वादोन इंच मोकळी जागा हाय. ‘श्रीमती’ला सुदिक पुरंल.”

बाईंनी मुद्दा क्रमांक चार दोनदा वाचला. चष्मा काढला.

“साहेब, तुम्ही यांना आपुलकीनं अरे म्हणता?”

“हो. म्हणजे, घरच्यासारखंच वातावरण आहे आमच्याकडे.”

“मग यांनी तुम्हाला म्हटलं तर चालेल?”

साहेब कानापर्यंत लाल झाले. “मॅडम, पदाचा काही मान...”

“साळवे, म्हणून दाखवा बरं.”

साळवे उठले. घसा खाकरला. कपाळावर घाम आला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“न्हाई जमत, मॅडम,” ते म्हणाले. “जीभ वळंना. अहो, त्यांस्नी कसं वाटंल?”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. साहेब टेबलाकडे बघत राहिले.

तर बारा डिसेंबर. मी तो गठ्ठा हातात घेऊन उभी, आणि साळवे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दुपारी ऑर्डर हातात पडली होती. अपील मान्य. समितीचा निकाल रद्द, चौकशी दुसऱ्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे, कार्यभार ज्येष्ठतेप्रमाणे साळव्यांना. पेंटर येऊन फलकावर ‘श्री.’ काढूनही गेला होता. “मोठा काढला,” साळवे म्हणाले. “जागा लई हुती ना.”

“मग आता ऑफिसात काय म्हणतात?”

“सगळे अहो. तो चोवीस वर्षांचा तर आज साळवेसाहेब म्हनला.”

“झालं की मग मनासारखं.”

“झालं.” ते स्टुलावर बसले. साळवे कधी बसत नाहीत, उभ्यानंच बोलतात. पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, “ताई, त्या समितीनं एक खरं लिवलं हुतं बघा. अरे हा आपुलकीचाच शब्द हाय. म्हनून तर मला राग आला. आईचा शब्द हुता तो. त्यांनी न विचारता घेतला.”

“ऑफिसात अहो, घरात अहो, गल्लीत अहो. अरे सुदाम म्हननारं आता कोन राह्यलं न्हाई. आज घरी निघालो, तर डबा ऑफिसातच इसरला. कोन वरडलं न्हाई.” मग हसून उठले. “घ्या, पेढा घ्या.”

असल्या वेळी काय बोलावं मला कळत नाही. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, “ऑर्डरच्या चार प्रती काढून ठेवा. सरकारी कागदाचा भरवसा नसतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उचलत होते. साळव्यांनी काळूरावांना सरकवलं, स्कूटर सुरू केली आणि निघाले. साइड स्टँड खालीच. तोंडात ‘अहो साळवे’ आलं होतं, ते मी गिळलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

“अरे ए सुदाम! स्टँड काढ की, पडशील ना!”

स्कूटर थांबली. ते वळले नाहीत. मला वाटलं, चुकलं. त्या कचेरीनंही हेच केलं होतं. पारूबाईंचा शब्द मी तरी कुणाला विचारून घेतला?

साळव्यांनी पायानं स्टँड वर केला. मग मान न वळवता, त्यांच्या तोंडून मी कधीही न ऐकलेलं बोलले,

“काढला गं, ताई.”

मी आत जाऊन गठ्ठा परत फळीवर ठेवला. या वेळी वरच्या.