गजावरच्या वेण्या

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर धुरींची खिडकी होती आणि त्या खिडकीच्या प्रत्येक गजाला एकेक वेणी होती. सुताची. आठ गज, आठ वेण्या. नव्याने राहायला आलेल्या एका म्हातारीने ते नवसाचं ठिकाण समजून चार दिवस जाता-येता हात जोडले. पाचव्या दिवशी ती नारळ घेऊन आली, तेव्हा धुरी शांतपणे म्हणाले, "आजी, देव नाय हो. माझी परीक्षा आसा."

धुरी गिरणीत साच्यांवर होते, म्हणजे कापड विणायचे. हाडकुळा माणूस, बोलणं मोजकं आणि तेही मालवणी. बायको सुमन लांबलेल्या आजारात गेली, तेव्हा त्यांची शालू सहा वर्षांची होती. शेजारीण म्हणून तिची वेणी मी घालायचे. मला ते जड नव्हतं. माझे तिघेही मुलगे, त्यांच्या डोक्याचा मालक न्हावी.

मग गावाहून धुरींच्या सासूबाईंचं पत्र आलं. वाचता येत असूनही त्यांनी ते मला वाचायला लावलं. मी वाचलं तर मजकूर बदलेल, अशी आशा असावी. तो बदलला नाही. "चेडवाची वेणी शेजारीण घालता असा कानार इला. बापयाच्यान चेडू वाढवूक होवचा नाय. शिमगो झालो की बोटीन येतंय आणि तिका घेऊन जातंय." चेडू म्हणजे मुलगी, आमची शालू; पुरुषाच्याने ती वाढवणं होणार नाही, असं आजीचं म्हणणं.

दुसऱ्या सकाळी मी फणी घेऊन गेले, तर धुरी दारात उभे. "वहिनी, आजपासून मी घालतलंय."

मी म्हटलं, घाला. राग आला होता, खोटं कशाला बोलू? वर्षभर मी ते डोकं सांभाळलं आणि आता गरज सरो, वैद्य मरो. पण सूड म्हणून काही करायची वेळच आली नाही. ते काम धुरींनी स्वतःच केलं.

पहिल्या दिवशीचा भांग कपाळापासून निघाला आणि डाव्या कानाशी पोचला. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे, चाळीत सीमेखेरीज दुसरा विषय नाही. समोरच्या खोलीतल्या मास्तरांनी तो भांग बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "धुरी, बेळगाव पलीकडे गेलं."

"उद्या आणतंय," धुरी म्हणाले.

आठवड्याभरात बेळगाव आलं, पण शालूचे कपाळावरचे बारीक केस काही बसेनात. आता गिरणीत विणण्याआधी सुताला खळ देतात, म्हणजे धागा पिंजारत नाही. धुरींनी तांदळाची खळ शिजवली, फडक्यातून गाळली आणि पोरीच्या डोक्याला दिली. वर रिबनीला गाठ मारली तीही विणकराची, ओढाल तशी आवळणारी. वाळल्यावर दोन्ही वेण्या दोन बाजूंना आडव्या उभ्या राहिल्या. दारातून बाहेर पडताना शालूला तिरकं व्हावं लागलं. तासाभरात शाळेच्या बाईंनी तिला परत पाठवलं, कारण मागच्या बाकावरच्या मुलींना फळा दिसत नव्हता.

गाठ शेवटी मी कात्रीने कापली. धुरींनी वेणी वाकवून पाहिली, ती वाकली नाही. "खळ घट्ट झाली," ते म्हणाले. चुकली नाही, घट्ट झाली.

त्यानंतर त्यांनी गिरणीत दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. टाकाऊ सूत आणून गजांना बांधलं आणि तिथे सराव सुरू झाला. मोर्च्याच्या दिवशी सगळी चाळ खाली घोषणा देत त्यांची वाट पाहत असे. धुरी गॅलरीतून, तोंडात रिबन धरून, सांगायचे, "थांबा रे. मुंबय खंय पळत नाय. शाळा पळता."

शिमगा झाला आणि सासूबाई आल्या. डोक्यावरून घट्ट पदर, जावयाकडे बघणं नाही. मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्या भिंतीला टेकून म्हणत होत्या, "घाल. बघूया."

धुरींनी फणी दोनदा पाण्यात बुडवली. शालू पुतळ्यासारखी बसली. हललं तर आपल्याला बोटीत घालतील, हे तिला कळत होतं. भांग सरळ निघाला. वेण्या सारख्या झाल्या. सासूबाईंनी भांगावरून बोट फिरवलं, वेणी ओढून पाहिली आणि निकाल न देता त्या पुन्हा भिंतीला टेकल्या. शालू रडवेल्या तोंडाने शाळेत गेली.

मग त्या पदराखाली हात घालून स्वतःचे केस सारखे करायला लागल्या आणि माझ्या लक्षात आलं, त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. पदराआडून दिसला तो अंबाडा कसाबसा एका हाताने गुंडाळलेला, आत नुसता गुंता. फणी हातून पडली. धुरींनी ती उचलली आणि तशीच धरून उभे राहिले.

"आये, मी करू?"

मला वाटलं, आता भडका उडणार. जावयासमोर कधी पदर न ढळलेली बाई ती. पण तिने पाठ फिरवली आणि आपल्याच हाताने पदर खाली घेतला.

धुरी मागे बसले. टोकांपासून हळूहळू गुंता सोडवायला लागले.

"सुमनचेय असेच बारीक होते," ते म्हणाले. "शेवटाक तिका हात वर करूक जमत नव्हता. केसांच्या जटा झाल्या. माका म्हणायची, जरा सोडवा. तेव्हा माका येत नव्हता."

मी रिकाम्या कपबश्या दोन्ही हातांत घेऊन तिथेच उभी राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचा गुंता सुटला. मग सासूबाई, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "चेडू हंयच रवांदे."