सापडला: एक रस्ता

कुठलाही रस्ता तीनदा तयार होतो: एकदा नकाशावर, एकदा जमिनीवर आणि एकदा पत्रकात. यांतला पत्रकातला तेवढा खरा, बाकीचे दोन आपले हौसेचे.

हे पत्रक दर सोमवारी भाऊसाहेब काढत. गावच्या कचेरीत बावीस वर्षं कारकून. सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पत्रकाच्या पुढच्या बाजूला कामांची खबर, मागे गावाची: कोण निवृत्त झालं, कुणाची छत्री हरवली. कामांसाठी मंजूर रकाने तीन होते: ‘खोदकाम सुरू’, ‘खोदकाम प्रगतिपथावर’ आणि ‘खोदकाम पुन्हा सुरू’. ‘काम पूर्ण’ असा रकाना नव्हता. (रकाने आखणारी माणसं अनुभवी होती.) त्या आठवड्याची स्थिती पाहा: एकूण कामं चौदा, प्रगतिपथावर नऊ, पुन्हा सुरू चार, आणि एका कामाचा शोध चालू.

अशा सुरळीत कारभारात नव्या मुकादमाने घोळ घातला. मागल्या गल्लीत पाण्याची पाइपलाइन टाकायची होती. पठ्ठ्याने अकरा दिवसांत ती टाकली, चर बुजवला, वर डांबर ओतलं आणि मोकळा झाला.

“चुकलंच साहेब,” तो नंतर म्हणाला. “मला कुणी काही सांगितलंच नाही.”

त्याच गल्लीत भाऊसाहेबांच्या थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान. रस्ता झाला म्हणून ताईने मशीनला तेल घातलं, पायरी धुतली आणि वाट बघत बसली. गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत यायचं, गुळगुळीत डांबराकडे बघायचं, खिशातलं पत्रक काढून ‘प्रगतिपथावर, पर्यायी मार्ग वापरावा’ हे वाचायचं आणि तळ्याला वळसा घालून दुसऱ्या शिंप्याकडे जायचं. शाळेतल्या बाई तर त्याच डांबरावर उभ्या राहून म्हणाल्या, “रस्ता झाला की येते हं पडदे घेऊन!”

“अरे, लिहून टाक की झाला रस्ता,” ताई काकुळतीला आली. “हाही महिना असाच गेला, तर मशीन विकावी लागेल मला.”

“ताई, रकानाच नाही गं.”

“मग पाड की एक!”

भाऊसाहेबांना घास गोड लागेना. त्यांनी रीतसर चौकशी केली. रकाना पाडायला ठराव लागतो, ठरावाला सभा, सभेला सभागृह. आणि सभागृहाच्या दारात खोदकाम प्रगतिपथावर. तेव्हा जन्मात पहिल्यांदा त्यांनी आगाऊपणा केला. पुढच्या पत्रकात, मागच्या बाजूला ‘हरवले-सापडले’मध्ये, एका काळ्या छत्रीच्या खाली छापून आलं: ‘सापडला: एक रस्ता. मागल्या गल्लीत, सुस्थितीत. ज्यांचा असेल त्यांनी वापरावा.’

अख्खं गाव लोटलं! “अगंबाई, केवढा छान रस्ता! कधी केला?” असं म्हणत शाळेतल्या बाई पडद्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. ताईला मान वर करायला फुरसत मिळेना, आणि भाऊसाहेब दोन दिवस कचेरीत शीळ घालत हिंडले.

पण पत्रक कचेरीही वाचते. सापडलेली वस्तू सात दिवसांत कचेरीत जमा व्हावी, असा नियम आहे. मुकादमाने (आता तो कामात तरबेज झाला होता) रस्ता खणून काढला, दोनशे सदतीस पोत्यांत भरला आणि चिठ्ठी लावून छत्रीशेजारी रचून ठेवला.

रस्ता परत मिळणं अगदी सोपं आहे. ‘हा रस्ता आमचा आहे’ अशा छापील अर्जावर एका नागरिकाची सही हवी. ताई पहिल्याच दिवशी धावत गेली. पण दुकानदाराची आणि नातलगाची सही चालत नाही. बाकीच्या गावाने ताईबद्दल हळहळ व्यक्त केली, कचेरीला शिव्या घातल्या आणि “करेल की कुणीतरी” म्हणून तळ्याची वाट धरली.

अर्ज तीन नंबरच्या खिडकीत आहे. पेन दोरीने बांधलेलं आहे, चालतंसुद्धा. ताईने मशीन अजून विकलेली नाही. कचेरी बंद होईपर्यंत ती रोज समोरच्या बाकावर बसून असते. काल तुम्ही आला होतात, तेव्हाही होती. तुम्ही तो अर्ज सगळा वाचलात, पोट धरून हसलात, पेन हातात घेतलंत आणि सही केलीत, छत्रीच्या पावतीवर.