हट्टीच्या पोटातलं गुपित

"चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येणार. त्याआधी हट्टी चढ चढला तर राहील. नाही चढला, तर गेला," आजोबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. हट्टीबद्दल बोलताना त्यांचा चष्मा नेमका मळायचा.

हट्टी म्हणजे आजोबांचा जुना ट्रॅक्टर. सपाटीवर तो अगदी गुणी बाळासारखा चालायचा. पण घरासमोरच्या चढाच्या मध्यावर आला की खोकायचा, थरथरायचा आणि बंद! मागे घरंगळत सपाटीवर आला की पुन्हा शहाण्यासारखा सुरू. तीस वर्षं हेच चाललं होतं. पाच मेकॅनिक झाले, तीन पंप बदलून झाले. आणि आता दोन वर्षांपासून डिझेलच्या टाकीला आतून गंज चढला होता, त्यामुळे गाळणी सारखी तुंबत होती.

"देऊन टाका हो अण्णा भंगारात," बाबा म्हणाले. हे ते कित्येक वर्षं म्हणत होते. "खोडच आहे त्याला."

"गंज मी काढते!" भिंगरी ओरडली. भिंगरी म्हणजे बाबांची लेक, इयत्ता नववी. गेल्याच महिन्यात तिने शाळेची बंद पडलेली घंटा दुरुस्त केली होती, तेव्हापासून जगातलं सगळं एका पान्याने सुटतं, अशी तिची खात्री झाली होती. "आणि तो चढ चढला ना आजोबा, तर तुम्ही मला शेतात ट्रॅक्टर चालवायला शिकवायचं. कबूल?"

"कबूल."

"हिला?" बाबा हसले. "हिला स्वतःच्या मोज्यांची जोडी मोजता येत नाही! ऐक, टाकीत बोल्ट घालून खळखळवायचे, म्हणजे गंज खरवडून निघतो. पण जेवढे टाकशील तेवढे बाहेर आले पाहिजेत. एक जरी आत राहिला तरी सत्यानाश. मोजून टाक, मोजून काढ!"

भिंगरीने टाकी सोडवली, डिझेल उपसलं, साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली. आजोबांच्या डब्यातले चाळीस बोल्ट मोजून आत टाकले आणि विसरायला नको म्हणून तळहातावर पेनाने '४०' लिहिलं. मग व्हिनेगर आणायला दुकानात पळाली.

"सहा बाटल्या? हॉटेल काढलं की काय?" दुकानदाराने विचारलं.

"ट्रॅक्टर मुरवायचाय!"

व्हिनेगर ओतून टाकीचं झाकण घट्ट लावलं. ती हलवायला एका बाजूला भिंगरी, दुसऱ्या बाजूला आत्या. दोन मिनिटांत आत्याने हात टेकले. "इंजिनिअर तू, मग हमाल मी का गं? माझे खांदे निखळले!"

तेवढ्यात शेजारून घरघर ऐकू आली. शेजाऱ्यांच्या भिंतीचं काम चाललं होतं आणि तिथे सिमेंट कालवायचा मिक्सर गोल गोल फिरत होता. भिंगरीचे डोळे लकाकले.

"मी जेवायला बसतोय," गवंडीकाका म्हणाले. "अर्धा तास मिक्सर तुझा. पण टाकीला पोचा आला तर माझ्या नावाने बोंब नको."

पोचा येऊ नये म्हणून भिंगरीने दोरीवर वाळत घातलेली पहिली हाताला लागेल ती दुलई ओढली, टाकीला गुंडाळली आणि टाकी मिक्सरमध्ये चढवली. मिक्सर सुरू झाला. खडखड-खुळ्ळ-खडखड-खुळ्ळ! भिंगरी आनंदाने टाळ्या पिटायला लागली. फक्त मिक्सर आतून धुतलेला नव्हता, हे अर्ध्या तासाने लक्षात आलं. दुलई राखाडी झाली होती आणि बघता बघता कडक व्हायला लागली होती. आत्याने आणि तिने ती नारळ सोलावा तशी टाकीवरून सोलून काढली आणि भिंतीला टेकवली. ती आपली आपण उभी राहिली.

मग सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारायचा होता. त्याआधी व्हिनेगर ओतून टाकायचं असतं, एवढंच घाईत राहून गेलं. सोडा आत गेला मात्र, टाकीच्या तोंडातून फस्सकन फेस उसळला. नेमकी आत्या बॅटरी घेऊन आत वाकून बघत होती. तिने मान वर केली तेव्हा तिला छान पांढरी दाढी आली होती.

"हसलीस तर याद राख," दाढीतून आत्या म्हणाली.

शेवटी टाकी उलटी करून सगळे बोल्ट घमेल्यात पाडले. टाकी आतून नव्या ताटासारखी चकचकत होती! भिंगरीने बोल्ट मोजले. त्रेचाळीस. पुन्हा मोजले. त्रेचाळीस. तळहात पाहिला. चाळीस.

"झाले का सगळे बाहेर?" अंगणातून बाबांचा आवाज आला.

आता मोजणी चुकली म्हणून सांगितलं, तर बाबा वर्षभर मोज्यांवरून चिडवणार. तीन बोल्ट चौकोनी डोक्याचे होते; असले आपण टाकल्याचं तिला आठवेना. तिने ते पटकन खिशात कोंबले.

"हो! बरोब्बर चाळीस!"

टाकी बसवून, नळ्या जोडून डिझेल भरेपर्यंत चार वाजले. टेम्पो दारात येऊन उभा राहिला. आजोबा हट्टीवर चढले. भिंगरीने दोन्ही हातांची बोटं घट्ट मुठीत धरली. हट्टी सपाटीवरून निघाला, चढाला लागला, मध्यावर आला… आणि खोकलासुद्धा नाही! धडधडत थेट माथ्यावर! आजोबांनी वरून टोपी हवेत उडवली. भिंगरी इतकी किंचाळली की गवंडीकाकांच्या हातातली थापी पडली.

आजोबा खाली आले ते मात्र कपाळाला आठ्या घालून. "पोरी, गंज दोन वर्षांचा. हा चढावर थांबतोय तीस वर्षं. तू नक्की केलंस काय?"

भिंगरीला राहवेना. "आजोबा, मी खोटं बोलले. चाळीस टाकले होते, पण निघाले त्रेचाळीस." तिने खिशातले बोल्ट काढून पुढे धरले.

"बघा! मी म्हणालो नव्हतो, हिला मोजता…" बाबांनी तिच्या तळहातावरचे तीन बोल्ट पाहिले आणि त्यांचं वाक्य चढाच्या मध्यावर बंद पडलं.

आजोबांनी एक बोल्ट उचलला. "चौकोनी डोकं. हे माझ्या जुन्या नांगराचे." ते हळूहळू बोलू लागले. "चढावर टाकी मागे कलणार. बोल्ट घरंगळत जाऊन नळीच्या भोकावर बसणार. सपाटीला आलं की बाजूला होणार… अरे, म्हणजे तो बिचारा हट्टी नव्हताच! त्याच्या घशात बूच होतं! याआधी टाकी कोणी धुतली होती?"

बाबा टेम्पोच्या टायरचं फार बारकाईने निरीक्षण करत होते.

"दादा!" आत्या किंचाळली. "म्हणून तू मला तेव्हा अख्खा बिस्किटांचा पुडा दिला होतास! 'मोजताना तू इथे नव्हतीस' म्हणालास!"

"किती टाकले होतेस?" आजोबांनी विचारलं.

"वीस."

"निघाले किती?"

"…सतरा."

"आणि मला काय सांगितलंस?"

बाबांनी मान खाली घातली. "बरोब्बर वीस, अण्णा."

भंगारवाला कंटाळला होता. "मग मी न्यायचं काय?" त्याची नजर भिंतीपाशी उभ्या असलेल्या दुलईवर गेली. "हे वजनाला बरं दिसतंय."

"ती माझी दुलई आहे!" बाबा ओरडले.

"भिंगरे, उद्यापासून शाळा सुटली की शेतात," आजोबा म्हणाले. भिंगरीने उडी मारली, पण पाय जमिनीला टेकायच्या आत आजोबांनी घमेलं पुढे सरकवलं. "पण आत्ता तू आणि तुझा बाप, दोघं इथे बसा. तुझ्या हातातले धरून सगळे बोल्ट मोजून मला आकडा सांगा. खरा."

दोघं मांडी घालून बसले. एकदा मोजले, दोनदा मोजले. बेचाळीस.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंगरीच्या कानाशी वाकले. "ए, त्रेचाळीसच सांगूया का?"

"आजोबाऽऽ!"

हट्टीचं बॉनेट पुसत असलेल्या आजोबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी नुसतं आपल्या सदऱ्याच्या खिशावर थोपटलं. आत चष्म्याच्या डबीवर काहीतरी टण्णकन वाजलं.